न उगवलेल्या रोपांचा हिशेब
(वनरोपवाटिकेतील मृदाजन्य बुरशीरोगांच्या अभ्यासाची प्रस्तावना)

रोपवाटिकेच्या नोंदवहीत साधारणपणे तीन आकडे सापडतात : बी किती पेरले, रोपे किती उगवली आणि लावणीला किती गेली. पहिल्या दोन आकड्यांतली तूट बहुधा बियाण्याच्या माथी मारली जाते. ‘बी जुने होते’, ‘उगवणशक्ती कमी होती’ असा शेरा पडतो आणि पान उलटते. पुढच्या दोन आकड्यांतली तूट ऊन, पाणी आणि वाळवी यांच्यात वाटून टाकली जाते. या दोन्ही तुटींत मातीतल्या बुरशीचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, पण वहीत तिचे नाव नसते. तो वाटा शोधून काढणे, तो का पडतो हे समजून घेणे आणि पुढच्या हंगामात तो कमी करणे, एवढा या विषयाचा पसारा आहे. ऐकायला तो लहान वाटतो. आत शिरल्यावर मात्र मातीचे रसायन, पाण्याचे गणित, बुरशीचे जीवनचक्र आणि माणसांच्या कामाच्या सवयी अशी चार शास्त्रे एकाच गादीवाफ्यावर भेटतात.

या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. वनस्पतिशास्त्राचे आणि कृषीचे विद्यार्थी त्यात आहेत. वनरक्षक आहेत, सामाजिक वनीकरणाचे कर्मचारी आहेत, आणि पिशव्या भरण्यापासून निंदणापर्यंत रोपवाटिकेचे बहुतेक काम करणाऱ्या बायाही आहेत. रोप पहिल्यांदा मान टाकते तेव्हा ते त्यांनाच दिसते. सगळ्यांना सांगायची गोष्ट एकच आहे. बुरशी मातीत असतेच. रोग मात्र रोपवाटिकेत घडतो. पिशवीत काय भरले, बी किती दाट टाकले, पाणी केव्हा आणि किती दिले, सावली किती दिवस ठेवली यांवर तो घडणे-न घडणे अवलंबून असते. म्हणून या विषयाचा अभ्यासक सूक्ष्मदर्शकाइतकाच पाण्याच्या झारीकडेही लक्ष ठेवून असतो.

कोंढा हे पवनी तालुक्यातले गाव. इथे बसून या विषयाकडे पाहण्याला कारण आहे. वैनगंगेच्या या खोऱ्यात धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि पानझडी जंगल एकमेकांना खेटून आहेत. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू, आवळा, बांबू ही इथली झाडे; ऐन आणि अर्जुनावर टसरचे कोष घेण्याचा भंडाऱ्याचा धंदाही जुना. 2012 साली जाहीर झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग याच तालुक्यात येतो, आणि वैनगंगेवरचे गोसेखुर्द धरणही इथलेच. जिथे जंगल राखायचे आहे आणि गेलेल्या जंगलाच्या बदल्यात नवे लावायचेही आहे, तिथे रोपांची मागणी कधी थांबत नाही. राज्याने 2016 ते 2019 या काळात अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले. कोटींच्या घरातले प्रत्येक रोप कुठल्या तरी पिशवीत, कुठल्या तरी मातीत वाढवावे लागते. लावणीच्या दिवसाचे फोटो निघतात. पिशवीतल्या मातीची चर्चा फारशी होत नाही.

इथले हवामान बुरशीच्या अभ्यासकाला शिकवायलाच बसले आहे असे वाटावे. वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश जून ते सप्टेंबरात. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत. पावसाळ्यात लावायची बरीच रोपे हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्यात पेरली जातात. म्हणजे रोपाचे बाळपण आधी भट्टीत आणि मग डबक्यात जाते. या दोन ऋतूंत त्याच्यावर टपून बसलेल्या बुरशीही वेगवेगळ्या. मार्च-एप्रिलमध्ये मेलेल्या रोपाचे निदान जुलैत मेलेल्या रोपाला लावले तर चुकण्याचाच संभव अधिक.

आता त्यांची ओळख करून घेऊ. उगवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोप जमिनीलगत कोलमडते, त्याला इंग्रजीत डॅम्पिंग ऑफ म्हणतात. असे एक रोप हलक्या हाताने उपटून पाहावे. वरची पाने पहिल्या दिवशी हिरवीच असतात. मातीला टेकणारा खोडाचा भाग मात्र पाणी झिरपल्यासारखा, मऊ आणि सुतासारखा बारीक झालेला असतो, आणि मुळांची साल बोटांत सुटून येते. दुसऱ्या दिवशी शेजारची रोपे तशीच पडतात आणि वाफ्यावर गोल चकंदळ दिसू लागते. हे काम बहुधा पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया किंवा फ्युजेरियम यांचे. याच बुरशी बी मातीखाली असतानाच कोंब खातात तेव्हा वर काहीच दिसत नाही, आणि दोष बियाण्यावर जातो. सागाच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. सागाच्या एका फळात चारपर्यंत बिया असू शकतात, त्यांची उगवण संथ आणि विस्कळीत असते, कधी आठवडे तर कधी महिने लांबते. न उगवलेले बी अजून झोपले आहे की कुजले आहे, हे उकरून, कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. उकरून पाहणे हा म्हणून या विषयातला पहिला धडा.

पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण शास्त्रीय वर्गीकरणात त्या खऱ्या बुरशींच्या बाहेर आहेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते, आणि त्यांचे चल बीजाणू मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत मुळांपर्यंत जातात. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिम हे रोपवाटिकेत सर्रास वापरले जाणारे बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही. मेटॅलॅक्झिल पिथियमवर चालते, पण रायझोक्टोनियावर नाही. निदान न करता डबा उघडला तर पैसे जातात, रोपे जातात, आणि ‘औषधालाही दाद देत नाही’ अशी त्या रोगाची भीती मात्र मागे राहते.

स्क्लेरोशियम रॉल्फसायची गाठ पडते ती पावसाळ्याच्या उबदार ओलीत. रोपाच्या मानेशी, मातीच्या वरच्या थरात पांढऱ्या धाग्यांचा पंखा पसरतो आणि काही दिवसांत त्यावर मोहरीच्या दाण्यांएवढे गोल, आधी पांढरे आणि मग तपकिरी दाणे धरतात. हे दाणे म्हणजे बुरशीचे राखीव कण. ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून खोडाच्या पेशी आधी मारते आणि मग त्यांवर पोसते. तिला सुरुवातीची ताकद मिळते ती न कुजलेल्या काडीकचऱ्यातून. पिशवीत अर्धवट कुजलेले शेणखत भरणे म्हणजे तिला शिदोरी बांधून देणे. धानानंतर त्याच बांधीत हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रकार ठाऊक असतो : धसकटे कुजायच्या आत पेरले की कोवळा हरभरा मानेशी सडून मरतो. तीच बुरशी, तेच कारण.

मॅक्रोफोमिनाचा स्वभाव याच्या उलट. तिला उष्णता आणि ताण लागतो. भर उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी चुकली, पिशवी तापली, की ती मुळांत शिरते. मेलेल्या रोपाच्या मुळाची साल सोलली तर आत कोळशाची पूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ज्वारीत याच बुरशीच्या रोगाला शेतकरी खडखड्या म्हणतात. एकाच रोपवाटिकेत जास्त पाण्याने मारणारी आणि कमी पाण्याने मारणारी अशा दोघी एकाच वर्षात आपापली पाळी साधतात. म्हणून ‘पाणी कमी करा’ हा सल्ला अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या मातीत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मातीच्या बाबतीत इथल्या माणसाला शिकवण्यासारखे फार नाही. कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी ही नावे इथल्या शेतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि पाणी धरण्याचा प्रत्येकीचा गुण वेगळा, हे त्या नावांतच येते. काळी कन्हार पिशवीत भरली तर पाणी वर साचते आणि तळाशी हवा पोहोचत नाही. मुरमाड बर्डी झरझर निथळते आणि मेमध्ये तापते. रोपवाटिकेतले मिश्रण, म्हणजे माती, वाळू आणि कुजलेले शेणखत, या गुणांना जोडून ठरवायला हवे. पण ते बहुधा जवळ काय मिळते त्यावर ठरते. जवळ मिळते ती पुष्कळदा बांधीची माती असते. त्या बांधीत धानावर पर्णकोष करपा आणणारी रायझोक्टोनिया सोलानी असू शकते, आणि धुऱ्यावरच्या तुरीच्या मुळांत मर आणणारे फ्युजेरियमही. म्हणून बांधीतला प्रत्येक रोग सागावर येईल असे नाही. रायझोक्टोनिया सोलानी या एका नावाखाली एकमेकांशी न जुळणारे अनेक गट आहेत आणि प्रत्येकाची आवडती झाडे वेगळी. तुरीवरचे फ्युजेरियम तर तुरीपुरतेच मर्यादित मानले जाते. कोणती माती कोणत्या रोपाला घातक, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो आणि तो गावागावांत तपासावा लागतो.

या विषयाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात रोपवाटिकेतूनच झाली. जर्मनीत रॉबर्ट हार्टिगने बीचच्या कोवळ्या रोपांवरचा फायटोफ्थोराचा रोग अभ्यासला; 1882 साली त्याचा वृक्षरोगांवरचा पाठ्यग्रंथ निघाला आणि वनरोगशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून उभे राहिले. भारतात एडविन बटलर यांनी 1907 साली पिथियमवरचा मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1918 चे त्यांचे वनस्पतिरोगांवरचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. देहरादूनची वनसंशोधन संस्था 1906 ची, तिथे के. डी. बागची आणि पुढे बी. के. बक्षी यांनी भारतीय वृक्षांच्या रोगांची घडी बसवली. केरळच्या पीची येथील वनसंशोधन संस्थेने 1980 च्या दशकात तिथल्या रोपवाटिका आणि लागवडींतल्या रोगांची पद्धतशीर पाहणी केली. विदर्भाला जवळची संस्था म्हणजे 1988 साली जबलपूरला सुरू झालेली उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था. महाराष्ट्र तिच्या कार्यक्षेत्रात येतो.

या इतिहासातले सगळे जसेच्या तसे उचलता येत नाही. अमेरिकेत कार्ल हार्टली यांनी 1921 साली वनरोपवाटिकांतल्या रोपकोलमडीवर सविस्तर पुस्तिका लिहिली. पाइनच्या वाफ्यांत सौम्य गंधकाम्ल घालून माती आम्लधर्मी केली की मर कमी होते, हा त्या काळच्या तिथल्या प्रयोगांचा एक निष्कर्ष. स्क्लेरोशियमला मात्र आम्लधर्मी मातीच मानवते. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या पाइनला तारणारा उपाय पवनीतल्या सागाच्या मुळावर येऊ शकतो. उपाय वाचावेत, पण आपल्या मातीत आणि आपल्या रोपांवर तपासूनच वापरावेत.

उपायांचे तीन ढोबळ वर्ग नव्या वाचकाने ओळखून ठेवावेत. पहिला रसायनांचा. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी 1885 साली बोर्डो मिश्रणाची शिफारस केली आणि बुरशीनाशकांचे युग सुरू झाले. महाराष्ट्राचाही त्यात हात आहे : पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1960 च्या दशकात एम. जे. तिरुमलाचार यांच्या पुढाकाराने ऑरिओफंगिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक सापडले आणि ते पिकांवर वापरले गेले. दुसरा वर्ग उष्णतेचा. इस्रायलमध्ये याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी 1976 साली दाखवले की ओल्या मातीवर पारदर्शक पॉलिथीन पसरून ती कडक उन्हात काही आठवडे ठेवली तर तिच्यातल्या पुष्कळ रोगकारक बुरशी मरतात. मे महिन्याच्या विदर्भात ऊन विकत आणावे लागत नाही. अडचण वेळापत्रकाची आहे : मे येईतो पिशव्या भरून, पेरणी होऊन गेलेली असते. पुढच्या हंगामाची माती आदल्या मे महिन्यातच आणून, पातळ थरात पसरून तापवायची सवय लावून घ्यावी लागेल. मॅक्रोफोमिनासारख्या उष्णता सोसणाऱ्या बुरशीवर त्याचा किती उपयोग होतो, हे मात्र इथेच मोजून पाहायला हवे.

तिसरा वर्ग जिवंत उपायांचा. 1932 साली रिचर्ड वाइंडलिंग यांनी दाखवले की ट्रायकोडर्मा ही मातीतली हिरवी बुरशी रायझोक्टोनियाच्या धाग्यांना विळखा घालून तिच्यावर जगते. आज ट्रायकोडर्माची पुडी तालुक्याच्या कृषी केंद्रात मिळते. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात आधी मुरवून मग मिश्रणात घातली तर जम धरते. कोरड्या मातीत टाकून लगेच वर बुरशीनाशक ओतले तर फुकट जाते. याच्याच बरोबरीने सहजीवी बुरशी विसरून चालणार नाही. झाडाच्या मुळांशी देवाणघेवाण करून स्फुरद पुरवणाऱ्या या बुरशी आणि मुळे यांच्या सहजीवनाला आल्बर्ट फ्रांक यांनी 1885 साली मायकोरायझा हे नाव दिले. सागाच्या मुळांतही या बुरशी असतात. फॉर्मेलिनने किंवा अन्य रसायनाने माती निर्जंतुक केली की शत्रूबरोबर त्याही जातात आणि रोप रोगमुक्त असूनही खुरटते. मातीतले सगळे मारून टाकणे हे या विषयाचे ध्येय नाही. सगळे मारलेल्या मातीत पहिली पोहोचणारी बुरशी बिनविरोध पसरते, आणि ती पुष्कळदा रोगकारकच निघते.

या विषयात पाऊल टाकायला सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंग, चाकू, चाळणी, काही काचेच्या बरण्या आणि टिपकागद एवढ्यावर बरेच काम होते. संशयित माती पाण्यात कालवून त्यावर काकडीची फोड तरंगत ठेवली तर पिथियम तिच्यावर येऊ शकते. माती पाण्याखाली बारीक चाळणीतून धुतली तर स्क्लेरोशियमचे दाणे मोजता येतात. मेलेल्या रोपाचा तुकडा ओल्या टिपकागदावर झाकून ठेवला की बुरशी वाढून वर येते. मात्र जी वर आली तीच मारेकरी, असे धरून चालू नये. मेलेल्या मुळावर फ्युजेरियम तसेही भराभर वाढते. ती बुरशी वेगळी काढावी, निरोगी रोपाला द्यावी, तोच रोग यावा आणि त्या रोपातून तीच बुरशी पुन्हा मिळावी, ही रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी इथेही सुटत नाही. आणि बुरशी वेगळी काढण्याच्या आधीही एक काम असते : रोप कोणत्या तारखेला, वाफ्याच्या कोणत्या भागात, पावसानंतर की उघडिपीत, कसे मेले, याची नोंद. अशी दोन हंगामांची नोंद हातात असली तर निदान अर्धे झालेले असते.

नव्या अभ्यासकासाठी प्रश्नांची वाण नाही. मोह, बीजा, तेंदू या झाडांच्या रोपांवर कोणते मुळरोग येतात, हे साग-निलगिरीइतके अभ्यासले गेलेले नाही. तलावातला गाळ मिश्रणात घातला तर मर वाढते की घटते? शेडनेट एक आठवडा आधी काढले तर? पिशवीऐवजी जमिनीपासून उंच ठेवलेल्या, तळाशी भोके असलेल्या ट्रेमध्ये रोपे घेतली तर स्क्लेरोशियमचे काय होते? रोपे जास्त उंच करायची म्हणून ती दीड वर्ष ठेवली तर दोन पावसाळ्यांत मुळांवर काय साचते? यांतल्या प्रत्येकावर एखाद्या महाविद्यालयाचा प्रबंध होऊ शकतो, आणि बहुतेकांची उत्तरे एका हंगामात, शंभर-दोनशे पिशव्यांवर निघू शकतात.

या सगळ्याची निकड कशात आहे, तेही सांगायला हवे. शेतात रोग दिसला तर शेतकरी फवारतो, पीक बदलतो, नांगरट करतो. जंगलात यातले काहीच होत नाही. रोप खड्ड्यात गेले की त्याच्या पिशवीतली मातीही खड्ड्यात जाते, आणि त्या मातीतले दाणे, बीजाणू, धागे तिथल्या जुन्या झाडांच्या मुळांशेजारी जाऊन बसतात. एका रोपवाटिकेतून शेकडो गावांत रोपे जातात. रोग अडवण्याची शेवटची जागा रोपवाटिकेचे फाटक आहे. पानांनी हिरवे पण मुळांनी आजारी रोप बाहेर जाऊ न देणे हे उगवणीचा टक्का वाढवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि त्यासाठी गाडी भरण्याआधी थोड्या पिशव्या फाडून मुळे पाहण्याची तयारी असावी लागते. चार रोपे वाया गेली असे त्याला कोणी म्हणेल. त्या चार रोपांनी चार हजारांचा दाखला दिलेला असतो.

शेवटी एक विनंती. जी बुरशी वेगळी काढाल ती बाटलीत वाळू देऊ नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. ओळख पटवून घेण्यासाठी आणि जपण्यासाठी ती तिथे पाठवता येते. पाठवताना झाडाचे नाव, मातीचा प्रकार, तारीख आणि गाव एवढे नीट लिहा. वीस वर्षांनी कोणी वैनगंगा खोऱ्यातल्या सागाच्या मुळरोगांवर काम करायला बसेल, तेव्हा त्याला नेब्रास्का आणि पीचीच्या जोडीने पवनी तालुक्याचे नमुनेही हाताशी असावेत. या कामात आपले स्वागत आहे.

कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा